मालक कोण

आरसीवर नाव माझं आहे.
कर्ज माझ्या बँकेतून, स्टाफच्या व्याजाने,
म्हणून गाडी माझी. पिवळी करिझ्मा,
जी मी पार्किंगमधून गेटपर्यंतसुद्धा
कधी ढकललेली नाही.

पंधरा वर्षं भरली. फिटनेसला मालक हजर हवा,
असं एजंट म्हणाला, म्हणून अर्धी रजा टाकून मी
वडाळ्याच्या धुळीत, ओढणी नाकाला लावून.
हेरंब हँडल धरून उभा,
शाळेच्या दारात पोराचा भांग
पुन्हा पुन्हा नीट करणाऱ्या बापासारखा.
कालच नूरुद्दीनकडून टाकी पॉलिश करून आणलीय.
आतून गंजलीय ती.
पॉलिशला आत जाता येत नाही.

गजभिये साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला आणि वाकले.
डाव्या शॉकअपचं सील गळतंय.
कोनसेट गेलाय, हँडल मधोमध अडकतं.
मागचा दिवा हाताच्या ब्रेकने लागतो, पायाच्या नाही.
हेडलाइट आभाळात मारतोय,
घारींचं लायसन बघायचंय का?
आणि नंबर प्लेटवर हा तीन आहे की ॐ?
हेरंबने खाली पाहिलं.

‘मालक कोण?’
‘मी.’
‘चालवता?’
‘नाही. ऐकते.’
ते हसले नाहीत. काहीतरी लिहिलं.

पण खरंच. तिसऱ्या मजल्यावर
कुकरखालचा गॅस बारीक करून
मी हिला पंधरा वर्षं ऐकलंय.
नाक्यावर गिअर उतरवताना ती घसा खाकरते.
रात्री पावणेबाराला तो वळणावरच इंजिन बंद करतो,
उतारावरून नुसती घरंगळत आणतो,
मला जाग येऊ नये म्हणून, किंवा कळू नये म्हणून;
तेव्हाही चेन वाजते, सैल,
पैंजण हातात घेऊन चालणाऱ्या बाईसारखी.

साहेबांनी पाच दोष लिहिले.
मला सात माहीत होते.
सकाळी थंड असताना टायमिंग चेन कडकडते,
तीन मिनिटांनी, लाज वाटल्यागत, गप्प होते.
आणि नव्वदच्या पुढे अचानक करंट जातो,
सगळे काटे शून्यावर झोपतात,
मग उठतात, जणू काही झालंच नाही.
हे त्याने मला सांगितलेलं नाही.
नूरुद्दीनची बायको पासबुक भरायला येते, ती म्हणाली,
आणि म्हणाली, ताई, माझं नाव नको.

हेरंब माझ्याकडे बघत होता.
इंजिन आता गरम होतं, शहाण्यासारखं चालत होतं.
मी बोलले नाही.

नापास. आठ दिवसांनी पुन्हा आणा.
एजंटने कागदाच्या पट्ट्या दिल्या, पेन्सिल दिली,
चेसिस नंबरचा ठसा घ्या, मॅडम, पुढच्या वेळेला लागेल.
मी गुडघ्यांवर बसले.
हँडल वळवून त्याने जागा दाखवली,
मी रुमालाने ग्रीस पुसलं, पट्टी धरली, घासलं.
काळपटातून एकेक अक्षर वर आलं,
माझ्या नावाच्या गाडीचं नाव,
मी पहिल्यांदा वाचत होते.
एक पट्टी बिघडली. ती टाकली नाही.

तिच्या पाठीवर, शिवडीला नूरुद्दीनच्या टपरीत,
स्टुलावर बसून कामं लिहिली.
पाच साहेबांची. मग सहा. मग सात.
नूरुद्दीनने वाचलं आणि पान्हा शोधू लागला,
जो त्याच्या हातातच होता.
हेरंबने वाचलं.
‘काटे झोपतात, हे तुला...’
‘किती होतील?’ मी नूरुद्दीनला विचारलं.

आठवड्याने गाडी घ्यायला दोघं गेलो.
तो म्हणाला, बस, घरापर्यंत तर आहे.
मागची सीट केवढी उंच! पाय टाकताना
गुडघा बोलला, मी त्याच्या खांद्याला धरलं.
फूटरेस्ट पायाने उघडायला गेले. हलेना.
गंजून मिटलेलं, दोन्ही बाजूंचं,
कितीतरी वर्षं कुणाचा पाय न लागलेलं.

मी पुन्हा एकदा जोर लावून पाहिला.

‘आठवं,’ मी म्हटलं.
तो वळला नाही. आरशात मात्र दिसत होता,
थरथरत, कारण आरसाही सैल होता.